संकेतस्थळाची हत्यारे आणि त्यांची पारख

बैल बाजारात उभा राहिला म्हणजे घेणारा त्याचे दात पाहतो, पाठीवर थाप मारतो, दहा पावले चालवून पाहतो आणि मगच रुमालाखाली बोटे धरून किंमत ठरवितो. तोच गृहस्थ सायंकाळी घरी येतो आणि आपल्या दुकानासाठी महाजालावर एखादे फुकट साधन दिसले की ‘मान्य आहे’ ह्या शब्दांवर बोट टेकवून ते पदरात पाडून घेतो. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत असे आपल्याकडे म्हणतात खरे. परंतु महाजालावरील फुकट साधन ही धर्माची गाय नव्हे. ती दूध देते, पण तिचे दावे कोणाच्या हाती आहे आणि ते केव्हा ओढले जाईल, हे घेणाऱ्यास ठाऊक नसते.

बीड जिल्ह्यातील गेवराई हे धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्गावरचे तालुक्याचे गाव. उत्तरेस गोदावरी, तालुक्यात कापूस, ऊस आणि मोसंबी. एके काळी येथील दुकानदाराची जाहिरात म्हणजे दुकानावरची पाटी आणि रस्त्याकडेची रंगविलेली भिंत. आज मोसंबीची कलमे विकणारा रोपवाटिकेचा मालक, खतांचा व्यापारी, शाळा, वाचनालय ह्या सर्वांसच आपले संकेतस्थळ असावे असे वाटते, आणि ते वाजवीच आहे. परगावचे गिऱ्हाईक हल्ली प्रथम खिशातील मोबाईलला विचारते व मग रस्ता धरते. प्रश्न एवढाच, की हे संकेतस्थळ उभारण्यासाठी आणि चालविण्यासाठी जी शेकडो नवी साधने दररोज पुढे केली जातात, त्यांतले सोने कोणते आणि पितळ कोणते, हे सामान्य मालकाने ओळखावे कसे?

प्रथम संकेतस्थळ म्हणजे काय, हे थोडक्यात पाहिले पाहिजे. टिम बर्नर्स-ली ह्या इंग्रज गृहस्थाने १९८९ साली जिनिव्हाजवळच्या सर्न ह्या संशोधनसंस्थेत ह्या जाळ्याची कल्पना मांडली. आपल्या देशात सर्वसामान्य नागरिकांस इंटरनेट मिळू लागले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून. रात्रंदिवस जागा असलेला एक संगणक, त्यावर ठेवलेली पाने, आणि त्या पानांकडे नेणारा एक पत्ता, इतकाच संकेतस्थळाचा संसार. ह्यांपैकी संगणकावरची जागा भाड्याने मिळते. पत्ताही वर्षाच्या बोलीने भाड्यानेच मिळतो. पाने मात्र आपली स्वतःची असतात. ह्या तिहींपैकी कोणती गोष्ट आपल्या हातात राहते आणि कोणती दुसऱ्याच्या हातात जाते, हा साधनांच्या परीक्षेतील पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न होय.

तो किती महत्त्वाचा आहे हे लहान दुकानदारांस २०२४ साली कळून आले. गूगल कंपनीने २०१७ साली एक सोय काढली होती. दुकानाचे नाव, पत्ता, वेळ आणि चार छायाचित्रे भरली की दहा मिनिटांत फुकट संकेतस्थळ तयार होई. ना कारागिराची गरज, ना पैशाची. लहान गावांतील असंख्य व्यावसायिकांना हे साधन देवासारखे वाटले असल्यास नवल नाही. मार्च २०२४ मध्ये कंपनीने ही सोय बंद केली. जूनच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत जुना पत्ता शोधणारास कंपनीच्या नकाशावरील नोंदीकडे वळविले जात असे. त्यानंतर त्या पत्त्यावर काहीच उरले नाही. ज्यांनी तो पत्ता पावतीपुस्तकावर छापला होता, टेंपोच्या मागे रंगविला होता, लग्नपत्रिकेच्या जाहिरातीत दिला होता, त्यांचे ते सारे छापील शब्द एका दिवसात निरर्थक झाले. कंपनीने पूर्वसूचना दिली होती आणि करारात तिला तसा हक्कही होता. म्हणून येथे दोष कोणाचा हा वाद व्यर्थ आहे. पण पत्ता मालकाचा नव्हता, ही गोष्ट खरी.

हा प्रकार प्रथमच घडला असेही नाही. जिओसिटीज नावाची फुकट घरे देणारी वसाहत १९९४ साली वसली, १९९९ साली याहूने ती विकत घेतली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये मोडून टाकली. त्या वसाहतीत लोकांनी हौसेने मांडलेले लेख, कुटुंबांचे वृत्तांत, छंदांची टिपणे होती. त्यांपैकी काही भाग काही उत्साही मंडळींनी शेवटच्या महिन्यांत उतरवून घेतला म्हणूनच वाचला.

तेव्हा कोणतेही संकेतस्थळ बांधणारे साधन पाहताना पहिली कसोटी ही, की पत्ता स्वतःच्या नावावर नोंदविता येतो काय. भारतासाठी ‘डॉट इन’ ही नाममुद्रा आहे, आणि २०१४ पासून देवनागरीत ‘डॉट भारत’ ही नाममुद्राही उपलब्ध आहे. स्वतःच्या नावाचा पत्ता असला म्हणजे जागा देणारी कंपनी उद्या बंद पडली तरी बिऱ्हाड दुसरीकडे हलविता येते आणि पत्रे जुन्याच पत्त्यावर येत राहतात. येथे एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे. संकेतस्थळ बांधून देणारा कारागीर पुष्कळदा हा पत्ता सोयीसाठी स्वतःच्याच नावावर घेतो. मनात कपट नसते. परंतु दोन वर्षांनी तो पुण्यास नोकरीला गेला, त्याचा मोबाईल बदलला, की मालकाला स्वतःच्या घराची किल्ली मिळत नाही. शेतजमिनीच्या सातबाऱ्यावर आपलेच नाव आहे ना, हे पाहणाऱ्या माणसाने येथेही नोंद कोणाच्या नावे आहे हे एकदा डोळ्यांनी पाहावे.

ह्याच जातीची दुसरी एक वस्तू म्हणजे ती चौकोनी ठिपक्यांची खूण, जिला सारे क्यूआर म्हणतात. जपानमधील डेन्सो वेव्ह कंपनीने १९९४ साली मोटारींचे सुटे भाग मोजण्यासाठी ती काढली. ही खूण दोन प्रकारची असते. पहिल्या प्रकारात ठिपक्यांतच आपला पत्ता साठविलेला असतो. तो कागद टिकेल तोवर टिकतो. दुसऱ्या प्रकारात ठिपक्यांत खूण बनवून देणाऱ्या कंपनीचा पत्ता असतो, आणि ती कंपनी वाचणारास पुढे आपल्याकडे धाडते. ह्यात पत्ता मागाहून बदलता येतो ही सोय आहे. पण अशा खुणा फुकट देणाऱ्या काही कंपन्या चाचणीची मुदत संपताच पैसे मागतात आणि न दिल्यास वाट बंद करतात. दोन्ही खुणा डोळ्यांना सारख्याच दिसतात! शाळेच्या दर्शनी भिंतीवर फरशीत कोरून बसविण्यापूर्वी ती कोणत्या जातीची आहे हे पाहावे. पाहण्याची रीत सोपी आहे: मोबाईल धरला की प्रथम कोणता पत्ता उमटतो तो वाचावा. तो आपला असेल तर ठीक. परका असेल तर ती उसनी वाट आहे.

आता मराठी माणसाच्या दृष्टीने अधिक नाजूक अशा विषयाकडे वळावयाचे, तो म्हणजे लिपी. नवी साधने बहुधा इंग्रजीच्या मापाने बेतलेली असतात. इंग्रजीचा अंगरखा मराठीच्या अंगावर कोठे आखूड होतो, कोठे काचतो, हे ती साधने बनविणारास ठाऊक नसते, आणि साधनांची प्रशंसा करणारे परीक्षकही मराठी घालून पाहत नाहीत. म्हणून येथे परक्याच्या शिफारशीवर विसंबून चालत नाही.

युनिकोड ही सर्व लिप्यांना एक क्रमांक देणारी पद्धती १९९१ साली प्रथम प्रसिद्ध झाली. परंतु मराठीत ती रुळण्यास पुष्कळ वर्षे लागली. मध्यंतरीच्या काळात प्रत्येक टंकाची आपापली गुप्त लिपी होती. संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षरांचे क्रमांकच असत, आणि वर टंकाचा मुखवटा चढविला की ते मराठी दिसे. मुखवटा काढला की उरे ती अर्थहीन चिन्हांची भेळ. त्या पद्धतीत लिहिलेली पाने शोधयंत्रास वाचता येत नाहीत, अंधांस वाचून दाखविणाऱ्या यंत्रास वाचता येत नाहीत, आणि तो विशिष्ट टंक नसलेल्या मोबाईलवर डोळसासही वाचता येत नाहीत. आजही कित्येक छापखान्यांतून मजकूर त्याच जुन्या पद्धतीत येतो. अहवाल, स्मरणिका, पंचांगे, सारे त्यात अडकलेले. ते युनिकोडमध्ये आणणारी रूपांतर-साधने आहेत आणि ती उपयोगीही आहेत. पण प्रत्येक टंकासाठी वेगळी किल्ली लागते, व बरोबर किल्ली लावली तरी रफार, जोडाक्षरे आणि ऱ्हस्व इकार येथे घसरगुंडी होते. अशा साधनाची परीक्षा ‘कमल नमन कर’ ह्या वाक्यावर करू नये. ‘वैशिष्ट्यपूर्ण’, ‘ऱ्हास’, ‘दऱ्याखोऱ्या’, ‘कर्तृत्व’, ‘ॲडव्होकेट’ असे खडे घालून करावी.

शेवटच्या शब्दात एक मौज आहे. ‘ॲ’ ह्या अक्षरास युनिकोडमध्ये स्वतंत्र घर मिळाले ते २००८ साली. त्यापूर्वी लोक ‘अ’ लिहून त्यावर अर्धचंद्र ठेवीत, आणि अनेक कळफलकांवरून आजही तसेच लिहिले जाते. डोळ्यांस दोन्ही सारखेच दिसतात. यंत्रास मात्र ते दोन निराळे शब्द होत. ‘दऱ्या’तील चंद्रकोरीसारखा र देखील दोन रीतींनी लिहिता येतो. परिणाम असा, की वाचनालयाने आपल्या ग्रंथसूचीसाठी एखादे सुंदर शोधसाधन बसविले, आणि सूची भरणारा लेखनिक एका रीतीने व शोधणारा वाचक दुसऱ्या रीतीने लिहीत असला, तर पुस्तक कपाटात असूनही ‘आढळले नाही’ असे उत्तर येते. वाचक निमूटपणे परत जातो. साधन चुकले असे त्याच्या मनातही येत नाही. चांगले साधन ही दोन रूपे एकच मानून शोध घेते. वाईट साधनास हा प्रश्नच ठाऊक नसतो. पाच मिनिटांच्या परीक्षेने हे कळते, आणि ही परीक्षा पुण्या-मुंबईचा तज्ज्ञ नव्हे, गावातील कोणताही शाळामास्तर करू शकतो.

लांबीचाही असाच घोटाळा आहे. ‘गेवराई’ हा शब्द कानास चार अक्षरांचा. युनिकोड त्यात सहा चिन्हे मोजते: ग, त्याची मात्रा, व, र, त्याचा काना आणि ई. संगणकात साठविताना प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात, म्हणजे अठरा. आणि हाच शब्द पानाच्या पत्त्यात घालून तो पत्ता कोणास पाठविला, तर पुष्कळ ठिकाणी प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासह तीन रोमन खुणांनी लिहिला जातो. चार अक्षरांचे गाव चोपन्न खुणांचे होते. तालुक्यातील राक्षसभुवन येथे १० ऑगस्ट १७६३ रोजी माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला. त्या लढाईवर शाळेने एखादे पान लिहिले आणि पत्त्यात ‘राक्षसभुवन’ हे नाव घातले, तर तेवढ्या एका नावाच्या नव्वद खुणा होतील. असा पत्ता निरोपात मध्येच तुटतो आणि दुवा उघडत नाही. म्हणून पानाचा मथळा खुशाल मराठीत द्यावा, पण आतील पत्ता आखूड ठेवण्याची मुभा साधन देते की नाही, हे पाहावे.

‘तुमचा मजकूर वाचण्यास सोपा आहे की कठीण’ हे सांगणारी साधनेही निघाली आहेत. ती बहुधा रूडॉल्फ फ्लेश ह्यांनी १९४८ साली इंग्रजीसाठी बसविलेल्या सूत्रावर चालतात. वाक्यातील शब्द आणि शब्दातील उच्चारखंड मोजतात. मराठीत ‘गेवराईहूनसुद्धा’ हा एक शब्द आहे, इंग्रजीत त्याचे तीन होतात. तेव्हा त्या सूत्राने चांगली घरगुती मराठीही दुर्बोध ठरते. अशा साधनाने दिलेला तांबडा शेरा पाहून कोणी आपली भाषा बिघडवू नये.

लिपीच्या बाबतीत एका लहानशा शब्दाचे महत्त्व मात्र फार आहे. प्रत्येक पानाच्या शिरोभागी, वाचकास न दिसेल असा, भाषेचा निर्देश करावयाचा असतो. तो मराठी असा केला, तर ज्या टंकांत तशी सोय आहे त्यांत ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरे हिंदी वळणाची न येता आपल्या बालभारतीतल्या वळणाची येतात. वाचून दाखविणारे यंत्रही मराठी उच्चार निवडू शकते. संकेतस्थळ बांधणारी कित्येक साधने हा निर्देश आपणहून इंग्रजी असा करून ठेवतात आणि बदलू देत नाहीत. वर्डप्रेस हे २००३ पासून चालत आलेले मुक्त साधन ह्या दृष्टीने समाधानकारक आहे. त्याचा मराठी अवतार आहे, आणि मराठी निवडताच निर्देशही बदलतो. टंकांविषयी तक्रारीस आता फारशी जागा नाही. मुंबईच्या एक टाइप ह्या मंडळींचे ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ हे टंक कोणासही विनामूल्य व निर्वेध वापरता येतात. पूर्वी एकेका टंकासाठी पैसे मोजणाऱ्या छापखानदारास हे ऐकून खरे वाटणार नाही.

वेग मोजणाऱ्या साधनांची हल्ली फार चलती आहे. गूगलचे पेजस्पीड इनसाइट्स हे त्यांतले सर्वांत परिचित. पत्ता दिला की ते शंभरपैकी गुण देते. नव्वद व त्यावर उत्तम. परीक्षेचे गुण म्हटले की आपली मंडळी त्यांच्या मागे धावतात, म्हणून हे गुण येतात कोठून ते समजून घेणे बरे. गेवराईच्या रोपवाटिकेच्या संकेतस्थळास महिन्याकाठी काही शेकडा लोक भेट देत असतील. खऱ्या भेटींवरून वेग सांगता यावा एवढी माहिती त्यातून जमत नाही. मग हे साधन कोठल्याशा यंत्रावर मध्यम किमतीच्या मोबाईलचे आणि मंद जाळ्याचे सोंग घेऊन पान उघडून पाहते. ते सोंग उपयोगी आहे, खोटे नाही. परंतु तेच पान पुन्हा तपासले तर गुण पाच-दहांनी इकडेतिकडे होतात. ब्याण्णवाचे सत्त्याण्णव करून देण्यासाठी कोणी हजारो रुपये मागू लागल्यास ते देऊ नयेत. त्याऐवजी पानावरचा मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसतो काय, एवढ्या एका आकड्याकडे लक्ष द्यावे.

आणि तो दिसत नसल्यास दहांपैकी आठ वेळा दोष छायाचित्रांचा असतो. मोबाईलने काढलेले मोसंबीच्या बागेचे एक चित्र चार-पाच मेगाबाइटचे असते; मालक तसेच्या तसे चढवितो. नेकनूरच्या रस्त्यावर, जेथे जाळे पकडता पकडता सुटते, तेथे उभे असलेले गिऱ्हाईक ते पूर्ण दिसेपर्यंत कंटाळून जाते. स्क्वूश नावाचे एक फुकट साधन गूगलच्याच कारागिरांनी २०१८ साली काढले. तेच चित्र ते दीड-दोनशे किलोबाइटमध्ये बसविते आणि डोळ्यांस फरक जाणवत नाही. ह्या साधनाची विशेष वाखाणण्यासारखी गोष्ट ही, की चित्र कोठेही पाठविले जात नाही. सारे काम वापरणाराच्याच संगणकात होते. फुकट साधनांत असा सज्जनपणा विरळा. तुलनेने, कागदपत्रे जोडून देणारी, लहान करून देणारी अनेक साधने प्रथम ती आपल्या संगणकावर मागवून घेतात. दुकानाच्या जाहिरातीचे कागद तेथे गेले तर बिघडत नाही. विद्यार्थ्यांच्या दाखल्यांचे कागद जाऊ नयेत.

भेट देणारांची मोजदाद करणारी साधने हा मोहाचा विषय आहे. काल किती आले, कोठून आले, किती थांबले, हे पाहण्यात मालकाची सकाळ जाते. गूगलचे जुने मोजणी-साधन १ जुलै २०२३ रोजी थांबले, आणि पुढच्या वर्षी त्यातील जुने आकडेही काढून टाकण्यात आले. ज्यांनी ते आधी उतरवून घेतले नव्हते त्यांचा कित्येक वर्षांचा हिशेब गेला. मॅटोमो ह्या मुक्त साधनात आकडे आपल्याच जागेवर राहतात, पण ते बसविण्यास व सांभाळण्यास जाणता माणूस हवा. लहान संकेतस्थळास खरे पाहता सर्च कन्सोल एवढे पुरे. लोक शोधयंत्रात कोणते शब्द लिहून आपल्यापर्यंत पोहोचले, हे ते सांगते. ‘मोसंबी कलम भाव’ असे लोक विचारीत आहेत आणि आपल्या पानावर भावच दिलेला नाही, हे कळणे शंभर आलेखांपेक्षा मोलाचे. शिवाय मोजलेल्या भेटींत माणसे किती व नुसती फिरणारी यंत्रे किती, हाही प्रश्न असतोच.

येथून पुढे धोक्याचा मुलूख लागतो. संकेतस्थळावर घड्याळ, हवामान, भेट-मोजणी, संवादाची खिडकी अशी नाना आभूषणे चढविण्यासाठी ‘ही एक ओळ तुमच्या पानात घाला’ असे सांगितले जाते. त्या एका ओळीचा अर्थ असा, की आपले पान उघडताच परक्या संगणकावरून काही आज्ञा येतील आणि वाचकाच्या मोबाईलवर पाळल्या जातील. आज ज्या आज्ञा येतात त्याच उद्या येतील, ह्याची हमी कोणी दिलेली नसते. पॉलिफिल नावाचे एक उपयुक्त साधन कित्येक वर्षे जुन्या ब्राउझरांना नव्या युक्त्या शिकवीत असे. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याचा पत्ता दुसऱ्याच कंपनीच्या हाती गेला, आणि जून २०२४ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले की त्याच ओळीतून वाचकांना भलत्या ठिकाणी पळविणाऱ्या आज्ञा येत आहेत. एक लाखाहून अधिक संकेतस्थळांत ती ओळ होती. मूळ साधन तयार करणाऱ्या गृहस्थाने तर आता त्याची गरजच उरली नाही असे आधीच सांगितले होते. पण वर्षांपूर्वी घातलेली ओळ काढतो कोण? घरात पाव्हणा म्हणून ठेवून घेतलेल्याची जशी अधूनमधून विचारपूस करतात, तशी ह्या ओळींचीही वर्षातून एकदा करावी, आणि काम नसलेलीस निरोप द्यावा.

पत्त्याच्या डावीकडे दिसणारी कुलपाची खूण पूर्वी वर्षाकाठी पैसे देऊन घ्यावी लागे. लेट्स एन्क्रिप्ट ह्या धर्मादाय उपक्रमाने डिसेंबर २०१५ पासून ते प्रमाणपत्र सर्वांस फुकट खुले केले. ह्या सर्व विषयात निखळ लोकोपकार म्हणता येईल अशा ज्या थोड्या गोष्टी आहेत त्यांत ही मोडते. मात्र त्याची मुदत नव्वद दिवसांची, आणि मुदत संपत आल्याचे स्मरणपत्र पाठविण्याची पद्धत त्यांनी जून २०२५ मध्ये बंद केली. सर्वच प्रमाणपत्रांची मुदत टप्प्याटप्प्याने घटत मार्च २०२९ मध्ये सत्तेचाळीस दिवसांवर यावी, असा निर्णय ह्या क्षेत्रातील संयुक्त मंडळाने घेतला आहे. तेव्हा जागा भाड्याने घेताना ‘प्रमाणपत्र आपोआप नवे होते ना’ हा प्रश्न विचारावा. होत नसल्यास ती जागा नको. मुदत टळली की गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर ‘हे स्थळ सुरक्षित नाही’ अशी पाटी झळकते आणि वर्षाची पत एका रात्रीत जाते.

अंध आणि मंददृष्टी वाचकांच्या सोयीसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या साधनांत खऱ्याखोट्याचे मिश्रण फार आहे. कोपऱ्यात एक खूण बसते, ती दाबली की अक्षरे मोठी होतात, रंग बदलतात. ‘एवढे लावा की तुमचे स्थळ सर्वांस सुगम झाले’ अशी जाहिरात असते. अशाच दाव्यांबद्दल ॲक्सेसिबी ह्या कंपनीस अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ साली दहा लाख डॉलर भरावयास लावले. खरी सोय ही कोपऱ्यातील खुणेत नसून पानाच्या बांधणीत असते: चित्राखाली त्याचे शब्दांत वर्णन, मथळ्यास मथळा म्हणून केलेली खूण, आणि अक्षरांचा व पार्श्वभूमीचा पुरेसा भेद. हा भेद किमान साडेचारास एक असावा असे जागतिक मार्गदर्शक तत्त्व आहे. पांढऱ्यावर पिवळी अक्षरे, जी आपल्या दुकानदारांस फार आवडतात, ह्या मापात बसत नाहीत. वेव्ह हे अमेरिकेतील युटा स्टेट विद्यापीठाच्या परिसरातून आलेले फुकट साधन असले दोष पानावरच दाखविते. त्यापेक्षाही चांगली परीक्षा म्हणजे एनव्हीडीए. ऑस्ट्रेलियातील दोन अंध तरुणांनी २००६ साली हाती घेतलेले हे वाचनयंत्र विनामूल्य आहे आणि मराठीही वाचते. ते संगणकावर चढवावे, पडदा झाकावा आणि आपल्या शाळेच्या प्रवेशाची माहिती नुसत्या कानांनी मिळते काय ते पाहावे. बहुतेक ठिकाणी ‘चित्र, चित्र, दुवा, येथे दाबा, येथे दाबा’ एवढेच ऐकू येईल. सूचना-फलकाचे छायाचित्र काढून तेच संकेतस्थळावर लावण्याची आपल्याकडील रीत हे त्याचे कारण.

राहता राहिली कृत्रिम बुद्धीची नवी साधने, जी मजकूर लिहून देतात, भाषांतर करतात, सबंध संकेतस्थळ उभे करून देतात. गूगलच्या भाषांतरात मराठी २०१३ साली आली. भारत सरकारचा भाषिणी उपक्रम २०२२ साली सुरू झाला. मराठी पानाचे इंग्रजी करून दूरच्या व्यापाऱ्यास दाखविण्यास ती खरोखर उपयोगी पडतात, आणि त्यांची उपेक्षा करणे वेडेपणा होईल. पण ‘कलम’ म्हणजे लेखणी, कायद्यातील बाब आणि झाडाचे रोप, हे तिन्ही अर्थ मराठीत एकत्र नांदतात. रोपवाटिकेच्या पानावर त्यांपैकी कोणता उतरला हे मालकाने स्वतः वाचून पाहिल्याशिवाय पान प्रसिद्ध करू नये. यंत्राने लिहिलेल्या परिचयात बागेचे क्षेत्र, स्थापनेचे वर्ष, मिळालेली पारितोषिके असे तपशील आपसूक भरले गेले आहेत काय, तेही शोधावे. यंत्रास रिकामी जागा सोडवत नाही.

गिऱ्हाइकांची नावे आणि मोबाईल क्रमांक भरून घेणारे तक्ते लावणारांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी, की व्यक्तींच्या माहितीच्या संरक्षणाचा कायदा आपल्या संसदेने २०२३ साली केला आहे. कलमांचा भाव सांगण्यासाठी जन्मतारीख विचारण्याचे काही कारण नाही. तक्त्याचे साधन ती विचारीत असले तर तो रकाना काढून टाकता येतो काय, हे पाहावे.

शेवटची परीक्षा साधन घेण्याच्या दिवशीच करावयाची असते, आणि ती कोणी करीत नाही: ते सोडता येते काय? साधनात दोन पाने लिहावीत, एक चित्र घालावे आणि लगेच ‘सर्व उतरवून घ्या’ अशी सोय शोधावी. वर्डप्रेसमध्ये ती आहे. काही साधनांत पाने मिळतात पण चित्रे मिळत नाहीत. काहींत काहीच मिळत नाही. उतरलेली गठडी दुसऱ्या संगणकावर उघडून मराठी अक्षरे शाबूत आहेत ना हेही पाहावे, कारण पुष्कळदा तेथे प्रश्नचिन्हांची रांग निघते. त्याखेरीज इंटरनेट आर्काइव्ह ह्या अमेरिकेतील ग्रंथालयाचे वेबॅक मशीन आहे. ब्रूस्टर काहल ह्यांनी १९९६ साली ही संस्था स्थापिली, आणि २०१३ पासून कोणासही कोणत्याही उघड्या पानाचा पत्ता देऊन त्याची प्रत तेथे ठेवता येते. नोंदणी लागत नाही, पैसे लागत नाहीत. राक्षसभुवनच्या लढाईचे ते पान लिहून झाले, तपासून झाले, की त्याच सायंकाळी त्याची एक प्रत तेथे आणि एक शाळेच्या कपाटातील पेन-ड्राइव्हवर ठेवावी. दोन मिनिटांचे काम आहे.